हिरवी पेज

हरमलहून म्हापशाला जाणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये एक बाई गोकुळदासच्या शेजारी येऊन बसली आणि गोकुळदास घाबरला. तसे घाबरण्याजोगे तिच्यात काही नव्हते. पन्नाशीची असेल. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून तांबड्या भाजीची जुडी डोके वर काढून बघत होती. मांद्र्याला ती चढली, बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजर टाकली, सरळ त्याच्याकडे आली, सीटवरचा त्याचा जेवणाचा डबा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि बसली. गोकुळदासने मान वळवून मागे पाहिले. मागे चार जागा रिकाम्या होत्या, त्यातली एक तर चक्क खिडकीची. म्हणजे तिचा नाइलाज नव्हता. तिने ही जागा पसंत केली होती.

गेली तेरा वर्षे ती जागा कुणी पसंत केली नव्हती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला माणसे दाराला लोंबकळत जात, तेव्हाही गोकुळदासच्या शेजारी एक माणूस बसेल एवढे अंतर स्वच्छ मोकळे असे. एखादा परका चुकून बसलाच तर पुढच्या थांब्याच्या आत त्याला काहीतरी आठवे. कुणी फोन कानाला लावून उठे, कुणी पुढे कुणीतरी ओळखीचे दिसल्यासारखे करी. एक भिडस्त गृहस्थ तर आपले गाव आल्याचे दाखवून भर उन्हात रानात उतरले होते. गोकुळदासने याचे कधी वाईट वाटून घेतले नाही. पहिल्या वर्षी घेतले असेल, नंतर तो ह्या उठण्याचे प्रकार ध्यानात ठेवू लागला, जसा एखादा पक्ष्यांचे ठेवतो. हरमलच्या पठारावर, किनाऱ्यावरच्या खोल्यांचा आणि झावळ्यांच्या शॅक-हॉटेलांचा मैला टँकरने जिथे येऊन पडतो, त्या सांडपाण्याच्या प्लांटवर तो ऑपरेटर होता. पाणी जाळीतून जाऊ देणे, पंप लावणे, वाल्व्ह फिरवणे, तळाचा गाळ उपसणे. अशा माणसाच्या शेजारी लोकांनी का बसावे? आणि खरे सांगायचे तर ती रिकामी जागा त्याला आवडू लागली होती. साऱ्या जगात त्याच्या मालकीची म्हणावी अशी तेवढीच जागा होती, आणि ती रोज म्हापशापर्यंत त्याच्याबरोबर येत होती.

बाईला सर्दी असावी, असे त्याने ठरवले. हे पटण्यासारखे होते. तो तिच्या शिंकेची वाट पाहत राहिला. शिंक आली नाही. चोपड्याच्या पुलावर खाडीचा वारा आत आला, बाईने एक जांभई दिली आणि तिचे डोके हळूहळू कलत त्याच्या खांद्यावर येऊन विसावले. गोकुळदासने श्वास रोखला. शिवोली गेली, डावा हात कोपरापासून खाली मेला, बोटांना मुंग्या आल्या, पण तो हलला नाही. खांद्यावर माणसाच्या डोक्याचे वजन किती असते हे तो विसरून गेला होता. नारळापेक्षा जास्त, कलिंगडापेक्षा कमी. मुलगा विशाल लहान असताना लईराईच्या जत्रेत असाच झोपायचा. आता तो बोटीवर कामाला होता आणि फोनच्या पडद्यावर दिसायचा, तिथे वजन नसते. म्हापशाच्या स्टँडावर बस थांबली तशी बाई जागी झाली, ओशाळली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “शेतातसून येतास तुमी?”

“हय,” गोकुळदास खोटे बोलला.

“वाटलाच माका. तुमच्या आंगाक वायंगणाच्या भाताचो वास येता. बरो वास.” आणि भाजीची जुडी सावरत ती उतरूनही गेली.

डिचोलीच्या बसची वाट पाहत उभा असताना गोकुळदासने कोणी बघत नाही असे पाहून सदऱ्याची बाही नाकाशी नेली. काहीच कळले नाही. त्याचे नाक या नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात काम सोडून गेले होते. त्याआधी शिरगावच्या खाणीवर, खनिज धुण्याच्या जागी, तो एकोणीस वर्षे होता. तेव्हा तो तांबडा होता. कान तांबडे, नखे तांबडी, उशीवर डोक्याच्या आकाराचा तांबडा डाग. बायको, चंद्रावती, त्याचे कपडे वेगळ्या दगडावर धुवायची आणि तो दगडही तांबडा झाला होता. खाणी बंद पडल्या, शिरगावची माणसे हळूहळू पांढरी झाली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी तो ह्या प्लांटवर लागला. बायकोला विचारले नव्हते. विचारायला गेला असता तर नाही म्हणाली असती, आणि मग काय केले असते, म्हणून विचारले नाही. पण तांबडेपणात एक सोय होती. तो स्वतःला दिसतो, आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जाताना दिसतो. वास मात्र ज्याचा त्याला कळत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडावर वाचावा लागतो. चंद्रावतीच्या तोंडावर काही वाचता येत नसे, कारण ती तोंड फिरवून बसायची. डिचोलीत आता दोन खोल्यांचे घर होते, मागे परसू, परसात पेरूचे झाड. पेरूला त्याचा वेगळा टॉवेल टांगलेला, खाली बाल्दी, काथ्या, लाल साबण. संध्याकाळी त्याने मागच्या वाटेने यायचे, अर्धा तास अंग घासायचे, मग आत. आत आल्यावर चंद्रावती जेवण वाढायची आणि आपण जनेलापाशी जाऊन बसायची. “हंय वारो बरो लागता,” एवढेच म्हणायची. बोलणे म्हटले तर तेवढेच, तुटक, आखडते, की वळली जनेलाकडे. वास हा शब्द त्या घरात तेरा वर्षांत कुणी उच्चारला नाही. उदबत्त्या मात्र इतक्या जळत की पाहुण्यांना वाटे ही माणसे फार भाविक आहेत. तिचा राग आहे हे गोकुळदासने पहिल्या वर्षीच ताडले होते आणि राग रास्त आहे हेही मान्य केले होते. एकदा मान्य केल्यावर त्याला पेरूखालचा अर्धा तास प्रिय झाला. तिथे कुणी हाक मारत नसे. तो सावकाश, एकेक बोट घासत, कशाचाही विचार करत नसे.

त्या संध्याकाळी तो मागे गेला तर बाल्दी नव्हती. टॉवेलही नव्हता. पेरू नुसते पेरूचे झाड होऊन उभे होते.

“आत न्हावा,” आतून चंद्रावतीचा आवाज आला. “न्हाणीत बाल्दी ठेवलंय. पुढच्या दारान येवा.”

ह्याचे कारण तिने सांगितले नाही, त्याने विचारले नाही. कारण विचारले तर तो शब्द आला असता. न्हाणी अंधारी होती, तिथे आरसा होता आणि बाहेरून तिने दोनदा विचारले, पाणी पुरे काय म्हणून. सात मिनिटांत त्याची आंघोळ आटोपली. उरलेल्या तेवीस मिनिटांचे काय करावे हे न कळून तो मेजापाशी ओल्या केसांनी बसून राहिला.

हे सारे सिद्धीमुळे झाले होते. दोन वर्षांपूर्वी ती स्कूटरवरून प्लांटवर आली, पाठीवर पिशवी, पिशवीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या. लाटंबार्सेची मुलगी, घरची काजूची बाग, आणि ही पणजीकडे कुठे मोठ्या प्रयोगशाळेत शेवाळावर शिकत होती. गोकुळदासला तेव्हा वाटले, बिचारी. शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवरून माणसाला पाडणारी वस्तू, तिच्यावर शिकण्यासारखे काय? पण तिने प्लांटचा पडीक कोपरा मागून घेतला आणि तिथे सहा टाक्या बांधल्या, लांबट, गुडघाभर खोल, मध्ये आडवी भिंत, एका टोकाला वल्ह्यांचे चाक. चाक संथ फिरे आणि पाणी आपले भिंतीला प्रदक्षिणा घालत राही. ह्या पाण्यात तिचे शेवाळ होते, एकेक कण डोळ्याला न दिसणारा, पण सगळे मिळून भडक हिरवे. ते मैल्यातले नको ते खाते, ऊन खाते आणि वाढते, असे तिने सांगितले. वाढताना ऑक्सिजन सोडते, आणि ऑक्सिजन असला की कुजट वास टिकत नाही. वाढलेले शेवाळ बाहेर काढायचे ही खरी कटकट. इतके बारीक की कुठल्याच कापडातून गाळता येईना. म्हणून एक दिवस ती एक गोणी घेऊन आली. गोणीत तांबडी माती होती.

“काका, ही तुमच्या शिरगावची. खाणीचो टाकाऊ माल.”

गोकुळदासने चिमूट उचलली आणि बोटे तांबडी झाली, तेव्हा त्याला उगीचच जुना मित्र भेटल्यासारखे वाटले. त्या मातीतले लोखंड काढून तिने प्रयोगशाळेत त्याची पूड केली. पूड म्हणजे पिठासारखी नव्हे, केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे कण. बाटलीत ते काळ्या शाईसारखे दिसत. ती शाई हिरव्या पाण्यात ओतली की कण शेवाळाला चिकटत, मग खाली लोहचुंबक धरला की सगळी हिरवळ झरझर तळाला ओढली जाई आणि वर पाणी राही, निवळ, तळ दिसणारे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा गोकुळदास खाली बसला. एकोणीस वर्षे तो लोखंड पाण्याने धूत होता. ही पोर पाणी लोखंडाने धूत होती. मग गोळा झालेले शेवाळ वाळवून त्याचे तेल निघते आणि तेलाचे डिझेल होते, हे तिने सांगितले तेव्हा बाबलीही तिथे होता. बाबली म्हणजे टँकरचा ड्रायव्हर, सावंतवाडीकडचा, बोलायला भीत नसलेला माणूस. तो त्या टाक्यांना हिरवी पेज म्हणायचा.

“म्हंजे हेच्यात भरून आणलंय तां ओतायचा, आणि तेच्याच डिझेलान परत भरूक जायचा,” तो म्हणाला. “मगे माझी गरज काय? टँकर आपणच फिरतलो.”

गोकुळदास टाक्यांची निगा राखू लागला. पाण्याचा हिरवेपणा बघायचा, चाकात अडकलेली पाने काढायची, दर दोन तासांनी मीटर बुडवून आकडा लिहायचा. हे करता करता आपल्या अंगावरून काहीतरी हळूहळू उतरते आहे हे त्याला कळले नाही. कळणार कसे, नाकच नव्हते.

बसमधल्या बाईनंतर आठवडाभर जे झाले ते त्याला सोसवेना. रोज कुणीतरी शेजारी बसू लागले. निवृत्त मास्तर बसले, त्यांनी आपल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया हरमलपासून सुरू केली ती शिवोलीपर्यंत संपली नाही. एका पोरीने त्याच्या बाहीला केकचे क्रीम पुसले आणि तिची आई हसली. एका तरुणाने ओळखदेख नसताना त्याला फोनवर मांजराचा व्हिडिओ दाखवला आणि तो कसा वाटला हेही विचारले. जगात इतके बोलणे साठलेले आहे याची त्याला कल्पना नव्हती. घरी चंद्रावती आता आंघोळीआधीच चहा पुढे करी आणि समोर उभी राही, जणू तो काही सांगणार आहे. त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. तेरा वर्षे जे न बोलून भागले होते त्यासाठी आता एकदम शब्द कुठून आणायचे? तो चहात बघत राही. चहा संपला की कपात बघत राही.

शेवटी एका दुपारी, पाळी संपायच्या आधी, गोकुळदास टँकर रिकामा होतो त्या खड्ड्याच्या कठड्याला जाऊन टेकला. त्याचा बेत साधा होता. इथे रोज अर्धा तास उभे राहायचे, अंगाला पुरेसे लागले की बस पकडायची. बाबलीने पाइप जोडून वाल्व्ह उघडला, पहिला लोंढा खाली पडला, आणि गोकुळदासच्या डोक्यात कुणीतरी कुऱ्हाड घातली. निदान त्याला तसे वाटले. डोळ्यांना पाणी आले, पोटातला भात वर आला, तो कठड्यावरून वाकला आणि ओकला.

बाबली वाल्व्ह तसाच सोडून धावत आला. “गोकुळदासबाब, काय झाला? प्रेशर?”

“वास,” गोकुळदास म्हणाला. “केदो वास मारता रे ह्यो.”

बाबली मागे गेला, वाल्व्ह बंद केला आणि परत आला. “तुमका तो आज इलो?”

नाक परत आले होते, आणि परत आले तेही उपाशी असल्यासारखे. पठारावरच्या बऱ्या हवेत ते कधी जागे झाले कोण जाणे, पण आता ते एका क्षणाची उसंत देईना. बाबलीचा टँकर फाटकातून वळला की गोकुळदास सांगू लागला, हा योगवाल्यांकडचा, उकडलेले चणे आणि चंदनाचा साबण. हा शॅकवाल्यांचा, लसूण आणि बियर. बसमध्ये त्याला माणसांचे खिसे, पिशव्या, दुपारची जेवणे कळू लागली. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीमागून तो वीस पावले उगीचच चालत गेला. आणि घरी चंद्रावती भात वाढायला वाकली तेव्हा खोबरेल, कोकम आणि मागे कुठेतरी धुतलेल्या दगडाचा वास असे काही एकत्र आले की त्याला एकदम लग्नानंतरचा शिरगावातला पहिला चतुर्थीचा दिवस आठवला आणि तो लाजला. छप्पन्नाव्या वर्षी, भाताकडे बघत.

शुक्रवारी सकाळी चौथ्या टाकीपाशी त्याला वेगळाच वास आला. मैल्याचा नव्हे, शेवाळाचाही नव्हे. खेकडे धुतलेले पाणी रात्रभर ठेवल्यावर येतो तसा, अगदी पुसट. पाणी हिरवेच होते. मीटर बुडवला, आकडा नेहमीचा. पुढच्या बुधवारी मोठे अधिकारी येणार होते, प्रयोग बघून टाक्या ठेवायच्या की मोडायच्या ते ठरवणार होते. सिद्धी दोन दिवस त्याच तयारीत होती. तिने आकडे पाहिले आणि म्हणाली, “सगळां बरां आसा मां, काका?”

गोकुळदास म्हणाला, “मीटर बरो सांगता.”

हे खोटे नव्हते. पण दिवसभर त्याला त्या वाक्याचा काटा टोचत राहिला. काहीतरी टाकीत शिरले आहे, ते वाढेल, चौथीतून पाचवीत जाईल, बुधवारपर्यंत सगळी हिरवी पेज करपून जाईल. अधिकारी नाके दाबून परत जातील. सिद्धी बाटल्या घेऊन निघून जाईल, आणि मग हळूहळू, दोनेक महिन्यांत, त्याची जागा पुन्हा त्याची होईल. बाल्दी पेरूखाली येईल. कुणी मांजर दाखवणार नाही. त्याला काहीही करायचे नव्हते, फक्त गप्प राहायचे होते, आणि गप्प राहण्याचा तेरा वर्षांचा सराव त्याच्या गाठीला होता. संध्याकाळी बसमध्ये योगायोगाने शेजारी कुणी बसले नाही. तो त्या रिकाम्या जागेकडे म्हापसा येईपर्यंत बघत होता, आणि तिच्याकडे बघून पूर्वी वाटायचे तसे काही वाटले नाही, म्हणून अस्वस्थ झाला.

जेवताना चंद्रावती जनेलापाशी गेली नाही. त्याच्याच बाजूला खुर्ची ओढून बसली. “आयतवारी माझ्या भाचीच्या, सेजलच्या चेडवाचा बारसा. तुमीय चला.”

“माका ड्युटी आसा,” गोकुळदास सवयीने म्हणाला.

“आयतवारी तुमका ड्युटी नसता.” ती शांतपणे बोलत होती. “लोकांक तां मी सांगतंय. तेरा वर्सां सांगत इलंय. लग्नां झाली, मुंजी झाल्यो, बापायचा वर्सश्राद्ध झाला, सगळ्यांक सांगलंय, तेंका ड्युटी आसा. आता लोकांक वाटता तुमी खंयचे तरी मोठे सायब आसात.”

गोकुळदासने घास तसाच हातात धरला. ती एकटी, हातात आहेराची पिशवी, बसने जाते, दारात उभी राहते, कुणीतरी विचारते, गोकुळदास नाही आले? आणि ती हसून सांगते. असे किती दारांत? तो पेरूखाली एकेक बोट घासत होता तेव्हा. तिने दिवा मालवला आणि बाजूच्या खोलीत तिची कूस बदलल्याचा आवाज आला. पहाटे पोदेराचा भोंगा वाजायच्या आधीच त्याने सिद्धीला फोन लावला.

“बाय, चार नंबरच्या टाकीक वास येता. तू ये.”

तो प्लांटवर पोचला तोवर ती स्कूटरवरून आलीही होती, केस न विंचरता. थेंब काचेवर घेऊन तिने सूक्ष्मदर्शकात पाहिले आणि त्याला जागा करून दिली. गोकुळदासने डोळा लावला. हिरव्या मोहरीच्या दाण्यांत काचेचे किडे फिरत होते, तोंडाला दोन चक्रे लावल्यासारखे, आणि दाणे गपागप खात सुटले होते. बुफेला आलेल्या वऱ्हाडासारखे. एकालाही घाई नव्हती.

“दोन दिसांनी मीटरात दिसला असता,” सिद्धी म्हणाली. “तोपर्यंत सगळ्यो टाक्यो खाल्ल्यो असत्यो. तुमका कधी कळला?”

“काल सकाळी.”

ती वळली. “मगे काल सांगूक नाय?”

“काल माका तां शेवाळ मेल्लां तरी चलला असता,” गोकुळदास म्हणाला. खरे एवढे छोटे असते हे त्याला माहीत नव्हते.

सिद्धीने त्याच्याकडे पाहिले. तिला कळले नसावे, किंवा थोडे कळले असावे. “आणि आज?”

“आज नाय.”

मग तिघांनी, म्हणजे बाबलीसकट, चौथी टाकी दोन्ही बाजूंनी बंद केली, चाक थांबवले, पाण्याचा आंबटपणा वाढवून ते किडे मारले आणि पाचवीतला थेंब दर तासाला तपासला. रविवारी गोकुळदास बारशाला गेला. तिथे तीन माणसांनी त्याला सायब म्हटले आणि एकाने मुलाला नोकरी लावता का विचारले. त्याने बघतो म्हणून सांगितले.

बुधवारी अधिकारी आले, पाच जण, रुमाल हातात तयार ठेवून. रुमालांना काही काम मिळाले नाही, ते त्यांनी घाम पुसायला वापरले. सिद्धीने लोहचुंबक धरला, हिरवळ तळाला गेली, सगळे पुढे वाकले. मग तिने एक बाटली आणली. सात महिन्यांच्या शेवाळाचे तेल, पाऊण लिटर डिझेल, मधासारख्या रंगाचे. प्लांटच्या जुन्या पंपाच्या इंजिनात ते ओतले. बाबलीने हँडल फिरवले. इंजिन खोकले आणि बंद पडले. पुन्हा फिरवले, पुन्हा खोकले. अधिकारी घड्याळ बघू लागले. गोकुळदास पुढे झाला, खाणीवर असल्या इंजिनांशी त्याचे एकोणीस वर्षांचे भांडण होते. त्याने नळीची चावी सैल करून अडलेली हवा जाऊ दिली, बाबलीला मान हलवली, आणि इंजिन धडधडत सुरू झाले. पापड तळल्यासारखा वास सगळ्या पठारावर पसरला. एका अधिकाऱ्याने नकळत ओठ चाटले.

बावीस मिनिटांनी इंजिन थांबले.

“एवढंच?” मोठे अधिकारी म्हणाले.

सिद्धीचा चेहरा पडला, पण तिने गोलमाल केला नाही. “डिझेल सध्या एवढंच, सर. ते वाढवायला अजून वर्षे लागतील, मी खोटं सांगणार नाही. पाणी मात्र आजच तुमच्यासमोर आहे.” तिने निवळलेल्या पाण्याचा पेला वर धरला.

“पिता येईल?”

“नाही, सर. बागेला घालता येईल.”

“इथे बाग कुठे आहे?”

सगळे पठाराकडे बघू लागले. दगड, करवंदाची जाळी आणि बाबलीचा टँकर. तेव्हा गोकुळदास म्हणाला, “सायबानू, हंय आदी उभ्यान रवूक जमत नव्हता. तुमी अर्दो तास उभे आसात.”

अधिकाऱ्यांनी एकदा हवा हुंगली, मग हातातल्या रुमालाकडे पाहिले आणि तो घडी करून खिशात घातला. महिन्याभराने पत्र आले. डिझेलचे काम तूर्त थांबवावे, टाक्या सहाच्या बारा कराव्यात. सिद्धी पत्र वाचून आधी टाकीच्या कठड्यावर बसून थोडी रडली, मग तेल वाढवण्याचे दुसरे काहीतरी डोक्यात आल्याने वही काढून लिहू लागली.

त्यानंतरच्या एका शनिवारी चंद्रावती प्लांट बघायला आली. त्याने बोलावले नव्हते, तिनेच सांगितले, येतंय म्हणून. फाटकाशी तिने पदराचे टोक बोटात धरले होते. तशीच ती जाळी, खड्डा, पंप बघत फिरली आणि कधीतरी ते टोक तिच्या हातून सुटले. टाक्यांपाशी तिने बराच वेळ पाण्याची प्रदक्षिणा पाहिली. हे काय खाते, किती खाते, रात्री झोपते का, असे विचारले. त्याने जमेल तसे सांगितले. मग दोघे सावलीतल्या कठड्यावर बसले आणि तिने डबा उघडला.

गोकुळदासला वाटले, विचारायचे तर आताच. “तुका राग होतो मां माझो? तुका नाय विचारता हंय लागलंय म्हणान. म्हणानच तू बोलत नव्हतंस.”

चंद्रावतीने त्याच्याकडे खुळ्याकडे बघावे तसे पाहिले. “राग खंयचो? मी श्वास धरून रवत होतंय. श्वास धरून माणूस बोलतलो कसो? दोन शब्द बोललंय की जनेलाकडे धावचा पडत होता.”

गोकुळदासच्या हातातली चपाती खाली आली. तेरा वर्षे त्याने त्या रागाचे किती कंगोरे शोधून ठेवले होते, रात्र रात्र त्याची उत्तरे तयार केली होती. राग नव्हताच. नुसती हवा कमी पडत होती. त्याला हसू आले, ते आवरेना, आणि मग तीही हसली, पण तिचे हसणे लवकर संपले, कारण तिला सांगायचे होते. तिने बापायच्या शेवटच्या आजारपणापासून सुरुवात केली. मग सेजलच्या लग्नात मानपानावरून काय झाले ते, मग विशाल बोटीवर जायच्या आदल्या दिवशी तिला काय म्हणाला आणि तिने ते याला का सांगितले नाही ते. मग शेजारणीचे, मग पेरूला एके वर्षी एकशे चाळीस पेरू आले तेव्हाचे. मधूनच ती दीर्घ श्वास घेई, पोहणाऱ्यासारखा, आणि पुढे निघे. गोकुळदास ऐकत होता. त्याला मध्ये हुं म्हणायचे असते हेही हळूहळू आठवू लागले.

पाचच्या सुमारास फाटकातून बाबलीचा टँकर वळला, मागे मागे येत खड्ड्याशी लागला. बाबली उतरला आणि पाइप ओढू लागला. चंद्रावतीने बोलता बोलताच, त्याच्याकडे न बघता, हात वर केला.

“वायच थांब रे, बाबा,” ती म्हणाली. “माझा अजून सांगून झाला नाय.”

बाबलीने गोकुळदासकडे पाहिले. गोकुळदासने मान डोलावली. बाबलीने पाइप खाली ठेवला, इंजिन बंद केले आणि टँकरच्या सावलीत बिडी काढून बसला.